मालक कोण? वर्डप्रेसच्या प्रसाराला लागलेल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

तुम्ही एका शनिवारी 'जरा बघून येऊ' म्हणून वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या मीटअपला, म्हणजे ते वापरणाऱ्यांच्या स्थानिक मेळाव्याला, गेलात. कार्यक्रम संपल्यावर चार खुर्च्या उचलून भिंतीला लावल्यात. झाले, तुम्ही स्वयंसेवक झालात. नेमणुकीचे पत्र नाही, मुलाखत नाही, मानधनाचा तर प्रश्नच नाही. पुढच्या आठवड्यात तुम्हाला व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन करतील आणि कुणीतरी सहज म्हणेल, "तुझं मराठी बरं आहे, पेपरात द्यायची बातमी तूच लिही." ही मार्गदर्शिका त्या दिवसासाठी आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. ज्यांना ते येते ते ही कामे शिताफीने टाळतात, म्हणूनच ती तुमच्यापर्यंत आली.

धडा पहिला: इतिहास (पाठ करा, पण सांगू नका)

२००१ च्या सुमारास मिशेल वाल्द्रिगी याने बी-टू नावाचे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर लिहिले. पुढे त्याचे काम थंडावले. ह्यूस्टनमधला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मॅट मुलेनवेग ते वापरत होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिले की हे कुणीतरी पुढे चालवायला हवे. इंग्लंडमधल्या माइक लिटलने तयारी दाखवली आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. दुसऱ्याचे सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी आपले दुकान थाटले, पण ही चोरी नव्हती. बी-टू जीपीएल परवान्याखाली होते. तो परवाना सांगतो, वापरा, उघडून बघा, बदला, वाटा; फक्त पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून जास्त वर्डप्रेसवर चालतात.

एवढे पुरे. मोठ्या आवृत्त्यांना जाझ कलावंतांची नावे देतात हेही लक्षात ठेवा. कुमार गंधर्वांची पाळी कधी, असे विचारून पाहायला हरकत नाही. पण हे सगळे सभेत सांगत बसू नका. समोरचा माणूस तुम्ही केव्हा थांबता याची वाट पाहत असतो, कारण त्याला एकच गोष्ट विचारायची असते.

धडा दुसरा: 'पण मालक कोण?'

हा प्रश्न हार्डवेअरचे दुकानदार विचारतील, महाविद्यालयाचे प्राचार्य विचारतील, तुमचे सख्खे काका विचारतील. काकांच्या प्रश्नाला जोडीला संशयही असतो: "फुकट देतात म्हणजे कुठेतरी गोम असणार." काकांशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर फुकटाच्या नादाने काय काय घरात आणले आहे हे काकूंना विचारा.

खरे उत्तर चार तुकड्यांत आहे, आणि चारही पाठ करावे लागतील. कोड सगळ्यांचा. 'वर्डप्रेस' हे नाव २०१० मध्ये स्थापन झालेल्या वर्डप्रेस फाउंडेशनचे. डॉट कॉम ही त्याच नावाची सेवा ऑटोमॅटिक या कंपनीची, जी मुलेनवेगनेच २००५ मध्ये काढली. आणि डॉट ऑर्ग, म्हणजे जिथून आपण सगळे सॉफ्टवेअर, थीम (साइटचे रूप) आणि प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) उतरवून घेतो ते संकेतस्थळ, खुद्द मुलेनवेगचे. हे चौथे वाक्य उच्चारताना नवशिक्याचा आवाज खाली येतो. येऊ द्या.

चारही वाक्ये एका दमात सांगितल्यावर दुकानदार म्हणतो, "म्हणजे मालक तोच ना?" तुम्ही म्हणायचे, "नाही हो, कोड सगळ्यांचा." तो म्हणतो, "मग दुकान बंद पडलं तर फोन कुणाला करू?" या प्रश्नाला जीपीएलमध्ये उत्तर नाही. त्या परवान्यात सॉफ्टवेअर 'आहे तसे' दिले आहे आणि कसलीही हमी नाही, असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. म्हणून व्यवहारात उत्तर असे द्या: "मला करा." इथून पुढे तुमच्या शनिवार-रविवारचे काय होते ते या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

प्राचार्यांना मात्र थोडे उच्च पातळीवर सांगावे लागते. त्यांना गणेशोत्सव मंडळाचे उदाहरण द्या: कुणी मांडव घालतो, कुणी आरती म्हणतो, कुणी पावतीपुस्तक घेऊन फिरतो, गणपती सगळ्या गल्लीचा. प्राचार्यांना हे पटते. मग ते विचारतात, "अध्यक्ष कोण?" आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता.

धडा तिसरा: पेपरातली बातमी

इथे जरा थांबू, कारण नवशिके सगळ्यात जास्त गटांगळ्या इथेच खातात.

मीटअप हा प्रकार मुळातच बातमीला प्रतिकूल आहे. त्याचे नियम कुणीतरी जाणूनबुजून मराठी वार्ताहराला छळण्यासाठी केले असावेत. मीटअप सगळ्यांसाठी खुले, चालवणारे स्वयंसेवक, कार्यक्रम भरवशाचा कुठलाही सदस्य ठेवू शकतो, भेदभाव चालणार नाही, आणि सगळे समुदायाच्या भल्यासाठी. कुणा एकाच्या धंद्यासाठी नाही. म्हणजे उद्घाटक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, स्वागतगीत नाही. तुम्ही जिल्हा आवृत्तीच्या कार्यालयात फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "सर, हस्ते कोणाच्या?" तुम्ही म्हणता, "कोणाच्याच नाही." पलीकडे शांतता. मग, "बरं, मार्गदर्शन कोणी केलं?" तुम्ही म्हणता, "सगळ्यांनी एकमेकांना केलं." हे वाक्य आजवर कुठल्याही पेपरात छापून आल्याचे मला आठवत नाही.

तरीही बातमी जाऊ शकते. युक्ती अशी की सत्याला धक्का न लावता रिकाम्या जागा भरायच्या. ज्याने सत्र घेतले तो 'प्रमुख वक्ता'. ज्याच्या कार्यालयात आपण बसलो तो 'विशेष सहकार्य'. ज्याने एचडीएमआयचा डोंगल आणला आणि त्यामुळे प्रोजेक्टर चालू झाला त्याचा उल्लेख शेवटी 'परिश्रम घेतले' या वाक्यात करायचा. तिथे अजून पाच-सहा नावे बसतात आणि त्या पाच-सहा घरांत पेपर विकत घेतला जातो. वार्ताहर साहेबांना हे गणित तुमच्यापेक्षा चांगले कळते. पहिल्या ओळीत 'उत्साहात संपन्न' हवेच. उत्साह नसला तरी हवे.

मजकुरात काय नको, तेही सांगतो. 'ओपन सोर्स' हा शब्द पहिल्या परिच्छेदात घातलात तर उपसंपादक त्याचे काहीही करू शकतो. 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम' घातलीत तर तो पूर्ण परिच्छेदच काढून टाकतो, आणि त्याचे चूक नाही. लिहा: 'प्रोग्रॅमिंग न शिकता स्वतःची वेबसाइट तयार करून चालवता येईल असे मोफत सॉफ्टवेअर'. हे खरेही आहे आणि एका ओळीत मावतेही. 'पाच मिनिटांत' असे मात्र लिहू नका. वर्डप्रेसचे 'पाच मिनिटांत इन्स्टॉलेशन' प्रसिद्ध आहे, पण त्या पाच मिनिटांत साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याचा ओटीपी धरलेला नाही.

इंग्रजीत लिहिणार असाल तर सावध. 'वर्डप्रेस'मधला पी इंग्रजीत मोठाच हवा, यावर या समुदायाची श्रद्धा इतकी जाज्वल्य आहे की २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यांनी सॉफ्टवेअरमध्येच एक फंक्शन बसवले आहे, जे तुम्ही छोटा पी लिहिलात तर तुमच्या नकळत तो मोठा करते. त्या फंक्शनच्या नावातच वैतागाचा एक इंग्रजी उद्गार आहे. देवनागरीत ही भानगड नाही.

फोटोबद्दल एवढेच, की सगळ्यांनी हात वर केलेला फोटो प्रत्येक शहराकडे आहे. पेपरवाल्यांना तो एकच चालतो. द्या.

धडा चौथा: वर्डकॅम्प

मीटअप पचले की शहराला वर्डकॅम्पचे, म्हणजे वर्डप्रेसच्या मोठ्या संमेलनाचे, डोहाळे लागतात. पहिला वर्डकॅम्प २००६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशी गावे या यादीत आहेत. आशियाचा एकत्र वर्डकॅम्प २०२० च्या फेब्रुवारीत बँकॉकला भरायचा होता, करोनामुळे ऐन वेळी रद्द झाला, आणि २०२३ मध्ये तिथेच भरला. मग ताइपे, मग मनिला. २०२६ साठी मुंबईचे नाव जाहीर झाले तेव्हा इकडच्या प्रत्येक ग्रुपवर एकाच वेळी इतके ढोल वाजले की सूचना बंद कराव्या लागल्या.

आयोजक झालात तर तुम्हाला कळेल की तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवायचे असते, वक्त्यांना मानधन द्यायचे नसते, आणि स्पॉन्सरने व्यासपीठावरून माल विकायचा नसतो. स्पॉन्सर म्हणजे बहुतेक होस्टिंग कंपन्या. त्यांच्या टेबलावर स्टिकर, पेन, मोजे, बाटल्या आणि टी-शर्ट असतात. 'स्वॅग' म्हणतात याला. नवशिक्याने टी-शर्टचा एक्सएल पहिल्या तासातच संपतो हे ध्यानात ठेवावे. शिवाय वापू नावाचे एक पिवळे गुबगुबीत प्राणी-पात्र सगळीकडे दिसेल. २०११ मध्ये जपानी समुदायाने ते तयार केले आणि तेही जीपीएलखाली मोकळे सोडले. त्यामुळे प्रत्येक शहर त्याला आपापला वेश चढवते. फेटा बांधायची इच्छा तुम्हालाही होईल. बांधा.

एक टेबल मात्र स्टिकरवाल्या टेबलांच्या गर्दीत हरवू देऊ नका. त्याला 'हॅपिनेस बार' म्हणतात. तिथे अनुभवी मंडळी बसतात आणि कुणीही आपली बिघडलेली साइट घेऊन यावे, फुकट बघून देतात. माझ्या मते सगळ्या वर्डकॅम्पमध्ये प्रसाराचे खरे काम याच टेबलावर होते. हार्डवेअरचे दुकानदार तिथे एकदा येऊन गेले की पुन्हा 'मालक कोण' विचारत नाहीत. अडचण एवढीच, की दुकानदार वर्डकॅम्पला येतच नाहीत. सभागृहात डेव्हलपर डेव्हलपरांना सांगत असतात, आणि मधल्या सुट्टीत होतकरू मुले कंपन्यांच्या टेबलावर बायोडेटा देत असतात. त्यात वाईट काही नाही. नोकऱ्या हव्याच, आणि पुण्यातल्या आरटीकॅम्पसारख्या कंपन्या याच कामावर उभ्या राहिल्या. पण याला बाहेरच्या जगापर्यंत पोचणे म्हणायचे का, हा प्रश्न आयोजकांच्या बैठकीत विचारून बघा. सगळे चहाचे कप उचलायला उठतील.

बाहेर पडण्याचे प्रयत्न होतात, नाही असे नाही. २०२४ मध्ये राजस्थानातल्या अजमेरच्या महाविद्यालयांत 'कॅम्पस कनेक्ट' सुरू झाला: मुलांना सभागृहात बोलावण्यापेक्षा वर्डप्रेसवाल्यांनीच कॉलेजात जायचे आणि मुलांच्या हातून साइट करून घ्यायची. पुढच्या वर्षी वर्डप्रेसच्या मूळ प्रकल्पाने तो अधिकृतपणे आपलासा केला. वार्ताहरांनो, ही खरी बातमी होती. हस्ते कोणाच्या, हे विचारायचे राहून गेले असावे.

धडा पाचवा: घरात भांडण पेटल्यास

प्रसार करणाऱ्याला हाही धडा लागतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेगने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर तोफ डागली. कंपनी वर्डप्रेसवर पैसा कमावते, पण प्रकल्पाला परत फारसे काही देत नाही, असा त्याचा आरोप. एकाने दुसऱ्याला वकिलाची नोटीस, दुसऱ्याने पहिल्याला. ऑक्टोबरात प्रकरण कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेले. दरम्यान डॉट ऑर्गच्या लॉगिन पानावर एक चौकट आली: माझा डब्ल्यूपी इंजिनशी कोणताही संबंध नाही, असे टिक करा, तरच आत या. डिसेंबरात न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाई हुकुमानंतर ती काढावी लागली. तिच्या जागी नवी चौकट आली. तीत तुम्ही मान्य करायचे होते की पिझ्झ्यावर अननस चविष्ट लागते.

तुम्ही त्या आठवड्यात प्राचार्यांना 'कोड सगळ्यांचा' समजावून सांगत होतात. त्यांनी पेपर वाचला असता, तर?

कोण बरोबर ते न्यायालय बघेल. कंपन्यांनी आपला पाच टक्के वेळ आणि माणसे प्रकल्पाला द्यावीत, ही मुलेनवेगची २०१४ पासूनची मागणी मला रास्तच वाटते. पण जगभरच्या फुकट राबणाऱ्या लोकांना आपल्या भांडणात दारावर अडवून शपथ घ्यायला लावणे मला पटलेले नाही, आणि विनोदाने ते धुऊनही निघत नाही. नवशिक्याला माझा सल्ला: हे लपवू नका. कुणी विचारलेच तर सांगा की दारवान चिडतो, चौकट लावतो, पण घर कुणालाही दुसरीकडे जसेच्या तसे बांधून घेता येते. २००३ मध्ये नेमके तेच झाले होते. २०१८ मध्ये ५.० आवृत्तीने गुटेनबर्ग नावाचा नवा संपादक सगळ्यांच्या माथी मारला, तेव्हा काहींनी ते न पटून 'क्लासिकप्रेस' वेगळे काढले, तेव्हाही तेच. जीपीएलमध्ये फोनवर उत्तर देणारा मालक नाही, पण मालकाला सोडून जाण्याची सोय आहे. दुकानदाराला ही गोष्ट कळते. भाड्याच्या जागेत ज्याने दुकान चालवले आहे, त्याला लगेच कळते.

धडा शेवटचा: मराठी

बातम्या लिहिल्या, फोटो काढले, मोजे वाटले. आता जे काम कुणी बघत नाही आणि ज्याच्यासाठी खरे तर तुम्हाला बोलवायला हवे होते, ते.

२०१४ च्या ४.० आवृत्तीपासून वर्डप्रेस बसवताना अगदी पहिला प्रश्न भाषेचा येतो, आणि त्या यादीत मराठी आहे. २०१६ च्या ४.७ पासून एकाच साइटवर प्रत्येक वापरकर्ता आतला भाग आपल्या भाषेत ठेवू शकतो. म्हणजे दुकान चालवणाऱ्या वहिनींनी मराठीत काम करावे आणि त्यांच्या भाच्याने इंग्रजीत, तरी साइट एकच. हे भाषांतर आकाशातून पडत नाही. 'पॉलीग्लॉट्स' नावाच्या गटातली, बहुतेक मोकळ्या वेळातली, माणसे एकेक वाक्य करतात, दुसरी कुणी तपासून मंजूर करतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर जगभर एकाच दिवशी बसून भाषांतर करण्याचा पहिला दिवस पाळला गेला. नुसते मूळ सॉफ्टवेअर झाले म्हणजे भागत नाही; प्लगइन हजारो आहेत आणि एखाद्या प्लगइनची नव्वद टक्के वाक्ये मंजूर होईपर्यंत त्याचे भाषेचे पॅकेज तयारच होत नाही. तोवर अर्धे पान मराठी, अर्धे इंग्रजी, आणि वहिनी भाच्याला हाक मारतात.

यात एक खोच आहे, ती प्रोग्रॅमरला दिसत नाही, पण तुम्हाला चटकन दिसेल. मूळ वाक्यात टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेला इंग्रजी एस असतो. चालू असताना त्या जागी एखाद्या वस्तूचे नाव येते. इंग्रजीत 'अमुक डिलीटेड' म्हटले की संपले. मराठीत वापरकर्ता हटवला, नोंद हटवली, पान हटवले. नाव काय येणार ते माहीत नाही, मग क्रियापद कुणाच्या मापाचे शिवायचे? नवशिका जोशात 'हटवले' लिहितो आणि पडद्यावर येते, 'श्रेणी हटवले'. शहाणा भाषांतरकार वाक्य फिरवून घेतो: 'हटवणे पूर्ण', आणि पुढे नाव. असे शेकडो प्रसंग आहेत. त्यावर व्यासपीठावरून कुणी सत्र घेत नाही, पेपरात 'परिश्रम घेतले'मध्येही नाव येत नाही. मूळ सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीत मात्र डॅशबोर्डच्या आत श्रेयनामावलीचे एक पान असते, आणि त्यात भाषांतरकारांना जागा दिलेली आहे. वहिनी तिथवर कधी जात नाहीत, पण पान आहे.

तेव्हा पुढच्या मीटअपची प्रेसनोट आटोपशीर करा आणि उरलेल्या तासात डॉट ऑर्गवर खाते काढा. ते फुकट आहे. भाषांतराच्या विभागात मराठी निवडा, तुम्ही स्वतः रोज वापरता असे एखादे छोटे प्लगइन शोधा, आणि त्यातली मराठी न झालेली वाक्ये करायला घ्या. मंजुरीला वेळ लागतो, कारण तपासणारेही तुमच्यासारखेच शनिवारवाले आहेत. आणि तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत असेल, तर करण्यापेक्षा तपासायला बसा. तशा माणसांची गरज जास्त आहे.